प्रतिसाद देत नाही

४ फेब्रुवारी

आत्या,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच आत्या.

बाबांचं ऑपरेशन झालं. पित्ताशय काढलं. आता बरे आहेत, घरी आलेत, चिडचिड करतायत, म्हणजे नक्कीच बरे आहेत. हे तुला पत्राने कळवतेय, कारण दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस.

त्यांनी तुला चार वेळा फोन केला. आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा. सकाळी आत न्यायच्या आधी दोनदा. आणि शुद्धीवर आल्यावर, धड आवाज फुटत नसताना, पुन्हा एकदा. मी शेजारीच उभी होते. फोन कानाला लावून ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, "ती बाई सांगतेय, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती प्रतिसाद देत नाही. बरोबर आहे. कशाला देईल?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

गेल्या वर्षी तुम्हा दोघांचं काय झालं ते मला माहीत आहे. बाबा म्हणाले, आता घड्याळं दुरुस्त करणं पुरे, दुकान बंद कर आणि आमच्याकडे येऊन राहा. त्यावर तू म्हणालीस, "दुकान बंद करायला मी अजून बंद पडलेली नाही." ठीक आहे. तुझं खरं. पण म्हणून सहा महिने अबोला? आणि ऑपरेशनच्या दिवशीही?

मी मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात बसते. दिवसभर परक्यांची गाऱ्हाणी ऐकते. घरचं गाऱ्हाणं कुठल्या खिडकीवर नेऊ ते तूच सांग.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिस,

अनेक आशीर्वाद. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून तोंडाचा पट्टा चालवायचीस म्हणून तुझं हे नाव मी ठेवलं. आता पट्टा पत्रातही चालतो हे बघून बरं वाटलं.

फोन वाजला नाही. एकदाही नाही. दादाचा नंबर दिसला असता आणि मी उचलला नसता, इतकी मी हलकट नाही. भांडले असते, पण उचलून भांडले असते.

तुझं पत्र वाचलं तेव्हा हातात एका गिऱ्हाइकाचं उघडं घड्याळ होतं. ते तसंच ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी घड्याळ उघडं टाकून दुकानाबाहेर पडले. तू पाठवलेला तो फोन घेतला, गल्ली ओलांडली आणि बस थांब्यापर्यंत गेले. तिथे उभी राहते न राहते तोच फोन थरथरायला लागला. एकामागून एक निरोप पडले. दादाचे चार. दिवस आणि वेळ सगळं त्यात. बसची वाट बघणाऱ्या लोकांत मी उभी होते. काय झालं असेल माझं, ते लिहीत नाही.

आता नीट ऐक. नोव्हेंबरात आमच्या समोरच्या जुन्या गोदामाच्या गच्चीवरून कंपनीचा टॉवर उतरवला. क्रेन आली होती, रस्ता अर्धा दिवस बंद होता, सगळी गल्ली तोंड वर करून बघत होती. त्या दिवसापासून दुकानात आणि वरच्या माझ्या खोलीत फोन मुका आहे. कंपनीच्या दुकानात तीन वेळा गेले. तिन्ही वेळा एकच, "येईल हो आजी, काम चालू आहे." शेवटी फोन ड्रॉवरमध्ये टाकला. गिऱ्हाइकं म्हणायची, "फोन का उचलत नाही?" मी म्हणायचे, वाजला तर उचलीन ना. दादा फोन करत नाही म्हणून मीही फुगून बसले होते, ते मात्र कबूल.

काल चौथ्यांदा गेले. म्हटलं, मला ही कंपनी सोडायची आहे. काउंटरवरच्याने यंत्रात बघितलं आणि म्हणाला, "तुमचा चोवीस महिन्यांचा करार आहे. चौदा बाकी आहेत. आधी निघायचं तर शुल्क भरावं लागेल." आकडा सांगितला. तेवढ्यात माझ्याकडची भिंतीवरची चार घड्याळं येतात.

तू हा फोन किती प्रेमाने पाठवलास, आणि त्यात ही काय भानगड आहे गं? मी तर तू खूण केलीस तिथे सही केली होती. तू तिथलीच आहेस, मला समजावून सांग.

दादाला म्हणावं, वाजला नाही. आणि टाके ओले असताना पायऱ्या चढू नकोस म्हणावं.

तुझी आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पत्रानंतर 'प्रिय' लिहायची परवानगी मलाच मी दिली.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कंपनी सांगते उत्तर देत नाही, ती सांगते वाजला नाही. कंपनीला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? आणि तू तर त्याच कंपनीत आहेस." मी विषय बदलला. तू रागावू नकोस, ते अजून अशक्त आहेत.

आता कराराचं. तू महिन्याला जे भरतेस ते एकच भाडं दिसतं, पण त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, फोनच्या किमतीचा हप्ता. 'फोन मोफत' असं मोठ्या अक्षरात लिहितात, पण मोफत काही नसतं. चोवीस महिन्यांत किंमत थेंबाथेंबाने वसूल होते. दुसरी गोष्ट, नेटवर्कचं भाडं. मध्येच निघालीस तर फोनचे उरलेले हप्ते एकदम मागतात आणि वर उरलेल्या महिन्यांच्या भाड्याचा निम्मा भाग. दोन्ही मिळून जे होतं त्याला 'मुदतपूर्व समाप्ती शुल्क' म्हणतात. कायद्यात बसतं. सही केलेली असते.

माझं ऐक. भरून टाक आणि मोकळी हो. अर्धे मी देते. खरं तर सगळेच देते. पाण्यात राहून माशाशी वैर नको, आणि मी त्याच पाण्यात आहे. भांडायला गेलीसच तर तुझी भाची तिथे काम करते हे कृपा करून बोलू नकोस.

तुझी टिकटिक


२१ फेब्रुवारी

चि. टिकटिक,

तू इतकं स्वच्छ समजावलंस की आता मी भरणार नाही हे पक्कं झालं.

फोन माझ्या हातात आहे. तो चालतो, त्यात दिवा लागतो, हिशेब करता येतो. त्याचे उरलेले हप्ते मी देईन. कोणाचं फुकट मला नको. पण जे नेटवर्क माझ्या दारात आलंच नाही त्याचं भाडं, आणि वर ते सोडल्याचा दंड? मी गिऱ्हाइकाचं घड्याळ दुरुस्त न करताच परत दिलं आणि म्हटलं, आता दुसऱ्या दुकानात जायचं तर मला दंड भरा, तर लोक मला दगड मारतील. बरोबरच करतील.

तुझे पैसे नकोत. मला भीक नको, न्याय हवाय. आणि त्याहून जास्त एक गोष्ट हवी आहे. मी प्रतिसाद देत नाही असं माझ्या भावाला सांगायचा अधिकार त्या बाईला कोणी दिला? मी दिला नाही. माझ्या नावावर कोणी खोटं बोललं तर मी ते खोडून घेते. मला कंपनीकडून लेखी हवंय.

बरं, करार वाचला. तू म्हणशील, ती मुंगीसारखी अक्षरं कोण वाचतं? बयो, चाळीस वर्षं मी भिंग डोळ्याला लावून मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू बसवते. तुमचं अक्षर त्यापुढे दुकानाची पाटी आहे. दोन दुपारी लागल्या. सतराव्या कलमात 'क' आहे. त्यात असं आहे: ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर सलग तीस दिवस सेवा उपलब्ध नसल्यास ग्राहकास नेटवर्कच्या भाड्यापोटी कोणतेही शुल्क न भरता करार संपवता येईल.

हे घेऊन काउंटरवर गेले. तो म्हणाला, "असं काही नसतं आजी." मी कागद पुढे केला, भिंग पुढे केलं. त्याने वाचलं. मग म्हणाला, "पण तीस दिवस नव्हतं हे तुम्ही सिद्ध कसं करणार?"

त्याला वाटलं, म्हातारी आता घरी जाईल.

पण दहा फेब्रुवारीपासूनच माझी वही सुरू आहे. दुकान उघडलं की दर तासाला फोन लावून बघते आणि लिहिते. वेळ चुकण्याचा प्रश्न नाही, माझ्यासमोर वीस घड्याळं आहेत. शेजारचा चष्मेवाला रोज संध्याकाळी खाली सही करतो. त्याचीही तीच कंपनी, तेच रडगाणं. किल्लीवाला आणि झेरॉक्सवालीसुद्धा. सगळे निमूट भरत होते, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच फोन बिघडलाय.

तुझं नाव घेणार नाही. भिऊ नकोस. पण एक विचारते. तू इतकी का घाबरली आहेस?

आत्या


२७ मार्च

ग्राहक समाधान विभाग

महोदय / महोदया,

आपला दि. १३ मार्चचा तक्रार अर्ज व सोबतची वही प्राप्त झाली. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

आमच्या अद्ययावत सेवा-नकाशानुसार आपल्या नोंदणीकृत पत्त्यावरील सेवा 'उत्तम' या वर्गात मोडते. ग्राहकाने स्वतः केलेल्या नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. सबब कलम १७ (क) आपल्या प्रकरणी लागू होत नाही. आपण आपला हँडसेट बंद करून पुन्हा चालू करून पाहावा.

आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.

कळावे.


२७ मार्च

आत्या,

तुला एकाच दिवशी दोन पाकिटं मिळतील. त्यातलं छापील पत्र मीच पाठवलंय. खाली सही नाही, कारण आम्ही सही करत नाही. तुझा अर्ज माझ्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, "चार नंबरचा मजकूर टाका." मी टाकला. पाकिटावर तुझा पत्ता हाताने लिहिला. बाकी पत्ते यंत्र लिहितं, तुझा मात्र मला लिहावासा वाटला. त्याने काय होणार होतं, देव जाणे.

तू विचारलंस, का घाबरतेस. सांगते.

टॉवर काढल्याचं आमच्या नोंदीत आहे. मी फेब्रुवारीतच बघितलं होतं. गोदामाच्या मालकाने भाडं वाढवलं, कंपनीने टॉवर उतरवला आणि नकाशा तसाच ठेवला. नकाशा बदलला असता तर सतरावं कलम लागू झालं असतं, तुम्हा सगळ्यांना. हे मला माहीत होतं आणि मी तुला लिहिलं, 'भरून टाक'.

दुसरं. ते वाक्य. आधी असं होतं: 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सेवाक्षेत्राबाहेर आहे.' दोन वर्षांपूर्वी ते बदललं. 'प्रतिसाद देत नाही' असं केलं. तेव्हापासून तक्रारी कमी झाल्या, कारण लोक कंपनीवर चिडायचं सोडून एकमेकांवर चिडायला लागले. बैठकीत हे मोठं यश म्हणून सांगितलं गेलं. मी त्या बैठकीत होते. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. बाबांच्या खाटेशेजारी उभी असताना मला ते वाक्य ओळखीचं वाटलं, आणि तरीही तुझ्यावर चिडणं मला सोपं गेलं.

तिसरं सगळ्यांत वाईट. फोन मी प्रेमाने पाठवला नव्हता. त्या तिमाहीत प्रत्येकाला ओळखीतले दहा ग्राहक आणायचे होते, नाहीतर बढती अडत होती. तू नववी होतीस. सहीच्या जागी पेन्सिलने खूण करून पाठवली, कारण वाचत बसलीस तर प्रश्न विचारशील हे मला ठाऊक होतं.

आता तुला काय वाटेल ते वाटू दे.

टिकटिक


५ एप्रिल

चि. टिकटिक,

तुझं पत्र तीन दिवस टेबलावर पालथं ठेवलं होतं. त्या तीन दिवसांत दोन काचा फोडल्या आणि एका गिऱ्हाइकावर विनाकारण ओरडले. तो फोन आला होता तेव्हा मी गल्लीभर दाखवत फिरले होते, माझ्या भाचीने पाठवला म्हणून. झेरॉक्सवालीला तर दोनदा दाखवला. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. लागलं मला. लागलं नाही म्हटलं तर मीही चार नंबरचा मजकूर टाकल्यासारखं होईल.

पण चौथ्या दिवशी वाटलं, ही पोर हे सगळं लपवून मजेत राहू शकली असती. पत्र लिहायची जबरदस्ती तिच्यावर कोणी केली नव्हती. तेव्हा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा भेटशील तेव्हा काढीन.

एक सांग, मी नववी तर दहावा कोण?

आता महत्त्वाचं. तू ऑफिसात काहीही करू नकोस. टॉवरची नोंद बाहेर काढू नकोस, कोणाशी बोलू नकोस. तुझ्या नोकरीवर पाय देऊन मला जिंकायचं नाही. आणि गरजही नाही. तुमचं उत्तम दर्जाचं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही चौघं माझ्या दुकानात जमलो. किल्लीवाला म्हणाला, "टॉवर निघाला हे अख्ख्या गावाने बघितलं, पण कागद कुठाय?"

कागद! मी पाठकोरे कागद टाकत नाही, सुटे भाग बांधायला लागतात. गठ्ठा काढला आणि सगळ्यांनी मिळून उपसला. सापडली. रस्ता बंद असल्याची नगरपालिकेची नोटीस, नोव्हेंबरात माझ्याच शटरवर चिकटवलेली. 'मोबाइल टॉवर उतरवण्याच्या कामासाठी दि. १२ रोजी सकाळी सात ते दुपारी तीन रस्ता वाहतुकीस बंद राहील.' आणि खाली अर्जदार कोण? खुद्द तुमची कंपनी. शिक्क्यासकट.

झेरॉक्सवालीने वीस प्रती काढल्या आणि एकाचेही पैसे घेतले नाहीत. ती कधी कोणाला एक प्रत फुकट देत नाही, यावरून काय ते समज.

सोमवारी आम्ही जातोय.

आत्या


५ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. यायलाच हवं असंही नाही. पण दोन गोष्टी केल्या आहेत, त्या माझ्याकडूनच तुला कळाव्यात.

काल तुझी फाइल पुन्हा उघडली. निकाली काढलेली फाइल उघडायला कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: 'या पत्त्याला सेवा देणारा टॉवर १२ नोव्हेंबरला काढला आहे. नकाशा दुरुस्त केलेला नाही. ग्राहकाचं म्हणणं खरं आहे. आपण पाठवलेलं उत्तर चुकीचं आहे.' आणि खाली सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. सात वर्षांत पहिल्यांदा मी ऑफिसच्या कागदावर माझं नाव बघितलं. मग ती फाइल वर पाठवली.

घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. वाक्य कसं बदललं, का बदललं, मी टाळ्या वाजवल्या, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तिचा फोन वाजलाच नाही?"

"नाही."

"चारही वेळा?"

"चारही वेळा, बाबा."

"आणि ज्याने हे वाक्य लिहिलं, त्याला बहीण नव्हती का?"

ते उठून आत गेले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, औषध शोधतायत.

टिकटिक


१६ एप्रिल

चि. टिकटिक,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी लिहिते करू नकोस, तू लिहितेस केलं. माझीच भाची आहेस, मी ओरडू तरी कोणावर!

दादा औषध शोधत नव्हता. बॅग भरत होता. हे तुला आता कळलं असेलच, पण पुढचं ऐक.

सोमवारी सकाळी दुकान उघडत होते. शटर अर्धं वर गेलं आणि पलीकडे पाय दिसले. बूट ओळखले. शटर पूर्ण वर केलं. एक हात पोटावर ठेवून उभा. वाळलाय गं.

मी म्हटलं, "टाके भरलेत का?"

म्हणाला, "फोन लागत नव्हता, म्हणून आलो."

"बस धक्के देते, कळत नाही?"

"बसून बोलू का उभ्यानेच भांडायचंय?"

खुर्ची दिली. पाणी दिलं. तो माझा फोन मागायला लागला. दिला. त्याने स्वतःच्या, दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून माझा नंबर लावला, माझ्यासमोर, दोन हातांवर बसून. माझा फोन टेबलावर गप्प. आणि त्याच्या फोनमधली ती बाई स्वच्छ आवाजात सांगतेय की मी प्रतिसाद देत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत ऐकत होतो. त्याने तिला पूर्ण बोलू दिलं. मग फोन खिशात घातला आणि म्हणाला, "चल, कुठे जायचंय तुला ते. मीही येतो."

अशी आमची पलटण कंपनीच्या दुकानात शिरली. चष्मेवाला, किल्लीवाला, झेरॉक्सवाली, मी आणि पोट धरून दादा. काउंटरवरच्याने मला बघितलं आणि आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. तो गोड माणूस, आवाजात तूप. "नकाशात तर उत्तम दिसतंय," म्हणाला. मी नोटीस पुढे ठेवली. त्याने वाचली. पुन्हा वाचली. अर्जदाराच्या नावावर बोट ठेवून बसला. किल्लीवाला म्हणाला, "साहेब, कुलूप उघडलंय, आता ढकला." मग आतून दोन फोन झाले. नंतर कळलं की तुझी फाइलही त्याच दिवशी वर पोहोचली होती. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली बिचाऱ्याची.

चौघांचे करार मोडले. फोनचे हप्ते तेवढे द्यायचे, बाकी दंड नाही, आणि नोव्हेंबरापासूनचं भाडं परत. सगळे खूश. उठायला लागले. मी उठले नाही.

"आता काय राहिलं?" मॅनेजर.

"लेखी. त्या दोन दिवशी, त्या चार वेळी माझा नंबर सेवाक्षेत्राबाहेर होता आणि मी प्रतिसाद दिला नाही हे तुमचं सांगणं खोटं होतं, असं."

"तसा नमुना आमच्याकडे नाही."

"मग नवीन करा. मी थांबते."

दादा कानात म्हणाला, "अगं, मला पटलंय आता, कशाला हवंय?" मी म्हटलं, तुला पटलं म्हणून त्यांचं खोटं खरं होत नाही. पिशवीत एक काम आणलं होतं, ते काढलं. तीन तास तिथल्या बाकावर बसून एका बायकांच्या घड्याळाचं अख्खं यंत्र धुतलं. येणारे-जाणारे विचारायचे, काय झालं? मी सांगायचे. दादाही सांगायचा, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. दुपारी टंकलेला कागद आला. 'खोटं' शब्द घातला नाही, 'वस्तुस्थितीस धरून नव्हतं' असं घातलं. म्हटलं, चालेल, भाषा तुमची, अर्थ माझा.

नवीन कंपनी निवडली. तीन विक्रेते आले होते. प्रत्येकाने खिशातून रंगीत कागद काढला. मी म्हटलं, कागद नंतर, आधी माझ्या खुर्चीत बसा आणि इथून फोन लावून दाखवा. पहिल्याचा उंबऱ्यात लागला, खुर्चीत नाही. दुसऱ्याचा खुर्चीत लागला, पण चोवीस महिने बांधून घेणार म्हणाला. विचारलं, मध्येच निघायचं तर काय पडेल? तर हसला. हसणाऱ्याला दार दाखवलं. तिसऱ्याचा खुर्चीत लागला, वरच्या खोलीत लागला, आणि दर महिन्याचं त्या त्या महिन्याला. फुकट फोन नाही, बेडीही नाही. त्याला सही दिली, तीही आधी वाचून.

दादा आठ दिवस राहिला. दुकान बंद कर म्हणाला नाही. उलट गिऱ्हाइकांना सल्ले देऊन तीन जणांना पळवलं. काल परत गेला. जाताना म्हणाला, "तुझी भाची फार शहाणी झालीय, तिला जरा सांभाळ." म्हणजे ऑफिसात काहीतरी शिजतंय. काय ते मला लिही. लपवाछपवी नको.

आत्या


२ मे

प्रिय आत्या,

लपवत नाही.

दहावे बाबा होते; आमच्या कंपनीचा तो फोन अजून खोक्यातच आहे, ते जुनाच वापरतात. तुला पुढचं ऐकण्याआधी हसून घ्यायचं असेल तर घे.

मला नोटीस मिळाली. कंपनीची अंतर्गत माहिती ग्राहकाच्या बाजूने वापरली आणि ग्राहक नात्यातला आहे हे कळवलं नाही. दुसरा आरोप खरा होता, तो मी लगेच मान्य केला. पहिल्यासाठी तिघांसमोर बसवलं. साहेब तसे वाईट नाहीत. म्हणाले, "अनवधानाने लिहिलं गेलं, एवढं एक वाक्य लिहून द्या, प्रकरण मिटवतो." पेनही पुढे केलं.

मी म्हटलं, "साहेब, सात वर्षं मी जे केलं ते अनवधानाने केलं. हे एक पूर्ण अवधानाने केलंय."

आणि पेन परत त्यांच्याकडे सरकवलं.

काढलं नाही. गल्लीतल्या चार जणांचं प्रकरण वर्तमानपत्रात जायला नको असं त्यांना वाटलं असावं. बढती गेली. तक्रार विभागातून उचलून तळमजल्यावर टाकलंय, नव्या विक्रेत्यांना शिकवायला. खिडकी नसलेली खोली, एक फळा, आठ खुर्च्या. इथे आलेला माणूस सहा महिन्यांत आपणहून जातो, असं शिपाई मला सहानुभूतीने म्हणाला. मी जाणार नाहीये. 'प्रतिसाद देत नाही' हे वाक्य बदला, असा अर्ज मी दिलाय. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी नवा अर्ज देते आणि पोच घेते.

परवा पहिली तुकडी आली. आठ जणं, कडक इस्त्री, नवे बूट. मी फळ्यावर कराराचं शेवटचं पान लावलं आणि म्हटलं, "विकायला गेलात की आधी हे वाचून दाखवायचं. मध्येच निघालात तर किती पडेल, हे. मोठ्याने. आकड्यासकट. मग फोनचा रंग."

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, असं सांगितलं तर घेणार कोण?"

"ऐकूनही जो घेईल, तो तुमचा ग्राहक. बाकीचे तुम्ही फसवलेले लोक."

मग मागचा एक जण हळूच म्हणाला, "पण कंपनीने आम्हाला हे शिकवायला सांगितलंय का?"

मी पर्समधून माझं बदलीचं पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. काय शिकवायचं ते त्यात लिहिलेलं आहे: कराराची माहिती. काय शिकवायचं नाही, ते कुठेही लिहिलेलं नाही.

"वह्या काढा," मी म्हटलं.

आठही जणांनी काढल्या.

तुझी
टिकटिक